नाकातलं निवृत्त इंद्रिय

नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या तळाशी, नाकपुडीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटर आत, अनेकांना एक बारीकसा खळगा असतो. त्यातून काही मिलिमीटर लांबीची नळी निघते आणि पुढे बंद होते. हे ‘जेकबसनचं इंद्रिय’. त्याच्या काही गमती:

मान जनावरांचा, नाव डॉक्टरांचं
डॅनिश डॉक्टर लुडविग जेकबसन यांनी 1813 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेही पाळीव जनावरांच्या नाकातलं!

साप जीभ का काढतो?
चावायला नव्हे, हुंगायला. हवेतले गंधकण दुभंगलेल्या जिभेवर गोळा करून तो टाळूतल्या याच इंद्रियाकडे पोचवतो.

रेडा हसत नाही
म्हशीचं मूत हुंगून रेडा मान उंचावतो, वरचा ओठ मुडपतो. म्हैस माजावर आहे का, याचा याच इंद्रियाने केलेला तो तपास असतो. घोडा, बोका आणि वाघही हेच करतात.

हत्ती आणि पतंग, एकच अत्तर
माजावरच्या आशियाई हत्तिणीच्या मुतात एक खास रसायन असतं. हत्ती सोंडेचं टोक टाळूला लावून ते ओळखतो. कितीतरी जातींच्या पतंग-माद्या नराला बोलावायला नेमकं हेच रसायन वापरतात.

आपल्याकडे मात्र तार तुटलेली
माणसाच्या या नळीतून मेंदूकडे संदेश नेणारे चेतातंतू मोठेपणी सापडत नाहीत. मेंदूत तो संदेश घेणारा भागही नाही. संदेश उठवणारं टीआरपीसी-2 हे जनुक तर आपल्या वानर-पूर्वजांतच, सुमारे 2.3 कोटी वर्षांपूर्वी, निकामी झालं. काहींना हा खळगा एकाच बाजूला असतो, काहींना दिसतच नाही. कुणाचं काही अडत नाही.

पोटात असताना चोख कामगिरी
वयात येण्याची सूत्रं हलवणाऱ्या चेतापेशी गर्भाच्या नाकाशीच जन्मतात आणि इथल्याच तंतूंच्या आधाराने मेंदूत शिरतात. ही वाट अडली तर कालमन सिंड्रोम होतो: वास येत नाही आणि वयात येणंही रखडतं.

अत्तरवाल्यांची चांदी
जोडीदाराला खुणावणाऱ्या रसायनांची, म्हणजे ‘फेरोमोन’ची, जादू सांगून महागड्या कुप्या विकल्या जातात. पण माणसाचं एकही फेरोमोन अजून निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. तेव्हा सुवास आवडला तर कुपी जरूर घ्या. वशीकरणाचे पैसे मात्र वाचवा.