संगणकावरील खंडणी

'खंडणी' हा शब्द मराठी वाचकाला इतिहासाच्या पुस्तकांतून चांगला परिचित आहे. स्वारी आली की गावाच्या वेशीबाहेर तळ पडे, रकमेचा आकडा सांगितला जाई आणि गावचे शेटे-महाजन रदबदली करून तो थोडाफार खाली आणीत. 'रॅन्समवेअर' या नावाने जी आपत्ती आज घरोघरच्या संगणकांवर येते, तिची जात तीच आहे. भेद इतकाच की येथे तळ वेशीबाहेर पडत नाही. शत्रू माजघरात येऊन बसलेला असतो आणि बहुधा घरधन्यानेच त्याला नकळत दार उघडून दिलेले असते.

या प्रकाराचा पहिला गाजलेला नमुना १९८९ सालच्या डिसेंबरातला. एड्स रोगाविषयी माहिती देण्याच्या मिषाने सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने निरनिराळ्या देशांत गेल्या. संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू करून झाला की फाइलींची नावे अगम्य होत आणि पनामा येथील टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्याचा हुकूम पडद्यावर उमटे. जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञावर त्याबद्दल आरोप ठेवण्यात आला. परंतु त्याची मनःस्थिती ठीक नसल्याने खटला चालला नाही. त्या कुलपाची किल्ली मात्र त्या कार्यक्रमातच दडलेली होती. जाणकारांनी ती हुडकून काढली आणि उतारा फुकट वाटला.

पुढे १९९६ मध्ये अ‍ॅडम यंग आणि मोती युंग या संशोधकांनी दाखवून दिले की, लावण्याची किल्ली निराळी आणि उघडण्याची निराळी, अशा जोडकिल्लीचा उपयोग करणारा खंडणीखोर निघाला तर ही पळवाट बंद होईल. दुर्दैवाने तसेच घडले. आज कुलूप लावणारी किल्ली त्या दुष्ट कार्यक्रमाबरोबर घरात येते. उघडणारी किल्ली मात्र दूर कोठेतरी गुन्हेगाराच्याच संगणकावर राहते. ही एक गोष्ट नीट उमजली म्हणजे पुढचे सारे उमजते.

घरगुती संगणकांना ज्याने विशेष छळले, त्या 'स्टॉप' अथवा 'डीजेव्हीयू' या कुळाचे उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थाच्या संगणकावर लग्नकार्यांची छायाचित्रे आहेत, मुलीचा प्रबंध आहे आणि दिवंगत आजीच्या आवाजात मुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. घरातील तरुणाला एक महागडे सॉफ्टवेअर हवे असते. ते विकत न घेता तो इंटरनेटवरून त्याची 'क्रॅक' केलेली प्रत उतरवून घेतो. अँटिव्हायरस कुरकुर करतो, तेव्हा सूचनेबरहुकूम तो त्यालाच गप्प बसवितो. (चोरीच्या मालाबरोबर चोरही घरात यावा, यात नवल ते कोणते?) थोड्याच वेळात विंडोजचे अद्ययावतीकरण चालू असल्याचा देखावा पडद्यावर दिसतो. तो खोटा असतो. त्याच्या आड एकेक फाइल कुलूपबंद होत असते, तिच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट जोडले जाते आणि विंडोज आपल्यापुरत्या ज्या जुन्या प्रती राखून ठेवते, त्याही पुसल्या जातात. शेवटी प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी पडते: ९८० डॉलर, ७२ तासांत बोलणी केल्यास निम्मे, ४९० डॉलर.

दार उघडून देणारा दर वेळी घरचाच असतो असे मात्र नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने विंडोजच्या एका उणिवेतून, कोणी काही उघडलेले नसतानाही प्रवेश मिळविला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती वेळीच बसवून घेतली, त्यांचे संगणक त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले.

आता निवारण. येथे लोकांचा मोठा घोटाळा होतो, तो रोगी आणि रोग एकच समजण्याचा. वस्तुतः कार्यक्रम हाकलणे हे एक काम आहे आणि फाइली सोडविणे हे दुसरे. पहिले बहुधा साधते. दुसऱ्याची शाश्वती नाही. अँटिव्हायरसने चोर गेला म्हणून कुलूप निघत नाही.

संशय येताच प्रथम इंटरनेट तोडावे आणि जोडलेली पेनड्राइव्ह वा बाहेरची हार्ड डिस्क तत्काळ काढून घ्यावी, कारण कुलूप लावण्याचा हात तेथवरही पोहोचतो. चिठ्ठी व बंद फाइली रागाच्या भरात पुसू नयेत. पुढे ओळख पटविण्यास त्याच लागतात. मग विंडोजच्या सुरक्षा विभागातील ऑफलाइन तपासणी चालवावी. या कुळाचा कार्यक्रम दर काही मिनिटांनी स्वतःला पुन्हा जागे करण्याची तजवीज करून ठेवतो. तो समूळ जाण्यापूर्वी राखीव प्रत जोडली तर तीही हातची जाते. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे बंद फाइली निराळ्या डिस्कवर उतरवून घेऊन विंडोज पुन्हा नव्याने बसविणे. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत, कारण याच वाटेने पासवर्ड चोरणारे कार्यक्रमही सोबत आल्याचे आढळले आहे.

यानंतर प्रश्न किल्लीचा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. बंद फाइल व चिठ्ठी तेथे दाखविली असता कुळ ओळखले जाते आणि उतारा उपलब्ध असल्यास विनामूल्य मिळतो. 'स्टॉप'च्या १४८ उपप्रकारांवरील उतारा एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. नंतरच्या उपप्रकारांत एक फट उरते. कुलूप लावताना गुन्हेगाराच्या संगणकाशी संपर्क झाला नाही, तर कार्यक्रम आपल्याजवळची ठराविक किल्ली वापरतो. ती त्या उपप्रकाराच्या सर्व पीडितांना सारखीच असते. चिठ्ठीतील ओळखक्रमांकाच्या शेवटी 'टी' हे रोमन अक्षर व १ हा आकडा असला, तर ही आशा धरावयास हरकत नाही. खंडणी भरल्याने किल्ली मिळेलच, याची हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. भारतात अशा गुन्ह्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

त्या गृहस्थाच्या घरचे काय? मुलीचा प्रबंध वाचतो, कारण महिन्यापूर्वी तो पेनड्राइव्हवर उतरवून ती कपाटात ठेवलेली असते. छायाचित्रे बहुतेक गेलीच. ओव्यांचे मात्र निराळे. घाईच्या कामामुळे हे कुळ प्रत्येक फाइलीचा केवळ आरंभीचा, सुमारे १५० किलोबाइटचा भाग कुलूपबंद करते. छायाचित्राचा घात होण्यास तेवढे पुष्कळ होते. परंतु नेहमीच्या एमपी३ ध्वनिमुद्रणात तो भाग नऊ-दहा सेकंदांचाच असतो. तेवढा छाटून टाकला की उरलेले मुद्रण वाजू लागते. आजीची पहिली ओवी अर्ध्यावरून ऐकू येते, आणि त्यापुढच्या सगळ्या जशाच्या तशा.