हबने अडवलेली डिस्क

जठारपेठेतल्या घरी जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, पोर्ट कमी म्हणून स्वस्तातला हब लावला, आणि पेनड्राइव्ह दिसेनाच. तो बिघडलेला असेलच असं नाही. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो. पण स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब पुढच्या प्रत्येक पोर्टला नियमाने १००च. जोडलेलं उपकरण आपली कमाल गरज कळवतं. ती जास्त दिसली की लिनक्सचं कर्नल त्याला सुरूच करत नाही. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये तशी नोंद सापडते. मग त्या उपकरणाच्या 'बीकॉन्फिगरेशनव्हॅल्यू' फाइलमध्ये रूट होऊन १ लिहायचा, की कर्नल इशारा नोंदवतं, पण ऐकतं. पेनड्राइव्हला हे बहुधा चालून जातं, कारण तो सांगतो त्याहून कमी खातो. फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र हा हट्ट नको. लिहिताना वीज कमी पडली तर फाइल्स जातात. तिला अडॅप्टरवाला हबच घ्या.