छायाचित्रांची नोंदवही

आपल्या वस्तीतील बहुतेक घरांत आता जुनी छायाचित्रे, जयंतीच्या मिरवणुकीची चित्रे, वडीलधाऱ्यांनी गायिलेली भीमगीते मोबाईलमध्ये साठलेली आहेत. साठा वाढला, परंतु हवी ती वस्तू वेळेवर सापडत नाही. फायलीचे नाव म्हणजे नुसता आकडा. चित्रातील माणसे कोण, हे त्यावरून कसे कळावे? ते सांगू शकणारी मंडळी ऐंशीच्या घरात आहेत, आणि दरवर्षी त्यांतील काहीजण आपल्याला सोडून जातात.

वस्तूविषयीच्या माहितीस संगणकाच्या भाषेत 'मेटाडेटा' म्हणतात. शब्द नवा, काम जुने. सुत्तपिटकच पाहावे. लांब सुत्ते दीघनिकायात, मध्यम लांबीची मज्झिमनिकायात. संयुत्तनिकायाची रचना विषयवार, तर अंगुत्तरनिकायाची संख्येच्या क्रमाने. लेखन नव्हते तेव्हा भिक्खुसंघाने ही व्यवस्था पाठांतरावर सांभाळली! रंगून येथील छट्ठ संगायनातील (१९५४-५६) पाली त्रिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले. आज त्यातील शब्द देवनागरीत शोधता येतो, तसाच रोमन वा सिंहली लिपीतही.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डब्लिन या गावी १९९५ साली ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ जमले. त्यातून पुढे पंधरा रकान्यांची 'डब्लिन कोअर' ही नोंदपद्धती रूढ झाली. आपल्या मंडळास सहा रकाने पुरेत, असे आम्हांस वाटते : कोण, कोठे, केव्हा, कोणता प्रसंग, चित्र कोणी काढले, मूळ प्रत कोणाकडे.

याखेरीज प्रत्येक वस्तूस खुणेचे शब्द, म्हणजे 'टॅग', द्यावे लागतात. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) व 'प्रबुद्ध भारत' (१९५६) यांच्या अंकांची चित्रे आपण जमविली, पण 'वृत्तपत्र' ही समान खूण कोठेच दिली नाही, तर चारही नावे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यास त्यांतील एकही सापडणार नाही. खुणेचे शब्द मात्र आधी ठरवून घ्यावेत. एकाने 'सोलापूर' लिहिले व दुसऱ्याने 'शोलापूर', तर संगणक ती दोन गावे समजतो. बँकेच्या खतावणीत एका खातेदाराची दोन नावे चालत नाहीत, तसेच हे.

तारखेबाबत विशेष सावध राहावे. जुने चित्र स्कॅन केले की फायलीत स्कॅन केल्याचा दिवस पडतो, प्रसंगाचा नव्हे. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे चित्र पाठविले की त्यातील मूळ तारीख व स्थळाची नोंद गळते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास टिकते. फायलीच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहावा. १९५६-१०-१४ असे लिहिले की सर्व चित्रे आपोआप कालक्रमाने लागतात. वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहावे आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही लिहावे. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही नोंदवावीत.

काम वयोवृद्धांपासून सुरू करावे. चित्र मोठे करून दाखवावे, ते बोलत असताना आवाज ध्वनिमुद्रित करावा व त्या फायलीस चित्राचाच क्रमांक द्यावा. मूळ चित्राच्या पाठीमागे बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला फक्त क्रमांक घालावा. नोंदवहीची एक प्रत विहारात व दुसरी निराळ्या घरी ठेवावी.