विषारी वायू कुणी सोडला, हे ठरवायचं कसं?
युद्धाचे नियम : लेखांक सातवा

मागच्या लेखात आपण १९९७ साली लागू झालेला रासायनिक अस्त्रबंदी करार पाहिला. ही अस्त्रं बनवायची नाहीत, बाळगायची नाहीत आणि वापरायची तर मुळीच नाहीत, असं तो स्वच्छ सांगतो. पण वापर झाला आणि सगळ्यांनीच कानांवर हात ठेवले, तर दोषी कोण हे कसं ठरवायचं? सीरियातल्या खान शेखूनचं प्रकरण या दृष्टीनं नीट समजून घेण्यासारखं आहे. इथं वाद भरपूर झाला आणि पुरावाही भरपूर मिळाला.

इडलिब प्रांतातलं हे गाव २०१७ मध्ये बंडखोरांच्या ताब्यात होतं. ४ एप्रिलच्या सकाळी साडेसहा ते सातच्या सुमारास तिथं हवाई हल्ला झाला. थोड्याच वेळात माणसं घराघरांत आणि रस्त्यांवर कोसळू लागली. तोंडातून फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या बाहुल्या, कोंडलेला श्वास. ही सरीनची लक्षणं. आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल व्हावा म्हणून शरीरात एक विकर काम करत असतं. सरीन ते बंद पाडतं. मग श्वासाचे स्नायूही निकामी होतात आणि माणूस गुदमरून मरतो. त्या दिवशी सुमारे शंभर माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती.

पाठोपाठ परस्परविरोधी दावे आले. पाश्चात्त्य देश म्हणाले, सीरियन हवाई दलानं सरीनचा बॉम्ब टाकला. रशिया म्हणाला, सीरियन विमानांनी दुपारी साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान बंडखोरांच्या दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला केला आणि तिथली रसायनं पसरली. राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांनी तर सगळा प्रकार शंभर टक्के बनाव असल्याचं सांगितलं. तपासाचा एकही निष्कर्ष हाती नसताना ७ एप्रिलला अमेरिकेनं सीरियाच्या शायरात हवाई तळावर ५९ क्षेपणास्त्रं डागली.

जगभरच्या चर्चेत एकच प्रश्न घोळत राहिला : फायदा कुणाचा? युद्ध जिंकत आलेले असद असला धोका कशाला पत्करतील, असं एक बाजू विचारायची. मग बंडखोर आपल्याच माणसांच्या पोरांना मारतील का, असं दुसरी बाजू विचारायची. हेतूचा तर्क असा कुठल्याही बाजूला वळवता येतो. तपासाला कुठून सुरुवात करावी, एवढं तो सुचवू शकतो. गुन्हा सिद्ध करण्याचं बळ त्याच्यात नसतं.

पुरावा होता तो गावाच्या उत्तर भागातल्या डांबरी रस्त्यावरच्या एका खड्ड्यात. सरीन याच खड्ड्यातून पसरल्याचं संयुक्त तपास यंत्रणेच्या तपासातून पुढं आलं; या यंत्रणेबद्दल पुढं येईलच. म्हणजे कोठाराचा दावा इथंच लंगडा पडतो. वेळही जुळत नाही, कारण साडेअकराच्या कितीतरी आधी रुग्णालयं भरून गेली होती. खड्डा जमिनीत पुरलेल्या स्फोटकाचा असेल का, हेही तज्ज्ञांनी तपासलं. ती शक्यता त्यांनी पूर्णपणे फेटाळली नाही. पण तसा स्फोट झाला असता तर आजूबाजूची नासधूस जास्त झाली असती, असं त्यांचं मत पडलं. खड्ड्याचं स्वरूप वेगानं येऊन आदळलेल्या, कमी स्फोटकं असलेल्या हवाई बॉम्बशी जुळत होतं. तिथले धातूचे दोन तुकडे रासायनिक बॉम्बच्या भरणतोंडाच्या झाकणांसारखे होते.

रसायनशास्त्राची साक्ष त्याहून बोलकी आहे. सरीन बनवताना तीव्र आम्ल तयार होतं. ते शोषून घेण्यासाठी सीरियाच्या कार्यक्रमात हेक्झामाइन वापरलं जायचं. हे हेक्झामाइन खान शेखूनच्या नमुन्यांत सापडलं. सीरियानं २०१३ नंतर आपला साठा नष्ट करण्यासाठी सोपवला, तेव्हा त्यातल्या कच्च्या मालाचे नमुने जपून ठेवले होते. खान शेखूनच्या सरीनमधल्या अशुद्धी त्यांच्याशी जुळल्या. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुद्द सीरियन सरकारनं घटनास्थळाचे म्हणून जे नमुने तपासायला दिले, त्यांतही सरीन निघालं.

आक्षेपांकडेही काणाडोळा करता कामा नये. तपासनीस सुरक्षेच्या कारणानं खान शेखूनला गेलेच नाहीत. शायरात तळावर गेले, पण तिथले नमुने घेतले नाहीत. सत्तावन्न रुग्णांची नोंद हल्ल्याच्या आधीच्या वेळेची आढळली. ही गडबडीतली चुकीची नोंद की मुद्दाम रचलेला देखावा, याचा छडा लावला गेला नाही. पण हे सगळं तपास पथकानंच आपल्या अहवालात लिहून ठेवलंय आणि त्यामुळे मुख्य निष्कर्ष का ढळत नाही, तेही सांगितलंय. प्रामाणिक तपास असाच असतो. नोंदवहीतल्या चुकीच्या वेळेमुळे रस्त्यावरचा खड्डा आणि नमुन्यांतलं हेक्झामाइन नाहीसं होत नाही.

हा अहवाल देणारी संयुक्त तपास यंत्रणा सुरक्षा परिषदेनं २०१५ मध्ये एकमतानं, म्हणजे रशियाच्याही मतानं नेमली होती. तोवरच्या पथकांना रसायन वापरलं गेलं की नाही, एवढंच सांगायची मुभा होती. कुणी वापरलं, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर ठेवला होता. २६ ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात यंत्रणेनं खान शेखूनची जबाबदारी सीरियन सरकारवर टाकली, तर उम्म हौश इथल्या मस्टर्ड वायूच्या हल्ल्याची जबाबदारी इस्लामिक स्टेटवर. ती एकाच बाजूला झुकली होती, असं म्हणता येत नाही. तरीही मुदतवाढीचा ठराव रशियानं अहवालाच्या दोनच दिवस आधी नकाराधिकार वापरून रोखला, नोव्हेंबरमध्ये पुन्हा रोखला आणि यंत्रणा संपली. पुढं २०१८ मध्ये करारातल्या सदस्य देशांनी मतदान घेऊन दोषी ठरवण्याचा अधिकार हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला दिला, तेव्हा हे काम पुन्हा सुरू झालं.

सोयीचं तेवढंच पाहण्याचा रोग एका गटापुरता नाही. १९८८ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या सैन्यानं इराकमधल्या हलब्जात हजारो कुर्दांना विषारी वायूनं मारलं. तेव्हा सद्दाम अमेरिकेच्या सोयीचे होते, म्हणून अमेरिकेनं इराणकडेही बोट दाखवलं. तो आरोप पुराव्यापुढं टिकला नाही, पण गुन्हेगारांना दोन दशकांची सवलत मिळाली.

पुन्हा कुठं असा हल्ला झाला, तर बातम्यांच्या गदारोळात प्रत्येक दावेदाराला एवढंच विचारा : तुमची कहाणी खड्डा, नमुने, वेळ आणि रुग्ण या सगळ्यांचा एकदम हिशेब लावते का? जी कहाणी एकच विसंगती धरून बसते आणि बाकीच्या पुराव्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तिला तपास म्हणू नका. खान शेखूनमध्ये सरीन सीरियन सरकारनं टाकलं, असाच पुराव्याचा कौल आहे. असद डिसेंबर २०२४ मध्ये सत्ता सोडून मॉस्कोला गेले. या हल्ल्यासाठी त्यांना शिक्षा झालेली नाही.