ना बॅटरी, ना रेंज: वाळू आणि मण्यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजची सुरुवात माझ्या फजितीपासून.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार इंजिनीअर मित्रांनी गावातल्या आजारी बाळांची नोंद ठेवणारं ॲप बनवलं. डेमो झकास झाला. गावात गेलो, तर आशाताईंनी पाच मिनिटांत आमची विकेट काढली. "दादा, इथं रेंज नाही. आणि नोंद करून पुढं काय? औषध कोण देणार?" आम्ही गप्प. आधी त्यांना विचारलंच कुठे होतं?

मग मी गडचिरोलीबद्दल वाचायला लागलो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' संस्था सुरू केली. न्यूमोनियाने लहान बाळं दगावायची. तो ओळखायला श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असले, की धोका. पण अनेक सुईणींना एवढं मोजताच येत नव्हतं.

आपण म्हटलं असतं, 'शिकलेली माणसं आणा.' त्यांनी माणसं नाही, साधन बदललं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. बास!

पुढे गावातल्याच बायका 'आरोग्यदूत' झाल्या. घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास बघायचे. जंतुसंसर्ग वाटला तर अँटिबायोटिक, अगदी इंजेक्शनसुद्धा, घरीच द्यायचं. 39 गावांत हे झालं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. 2011 पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात, त्यामागे हाच अनुभव आहे. म्हणजे आमची विकेट काढणाऱ्या ताई याच परंपरेतल्या!

आमचं ॲप आम्ही गुंडाळलं. पुढच्या खेपेला लॅपटॉप न उघडता ताईंसोबत दिवसभर फिरलो. त्यांना हवं होतं काय? बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसाच्या भेटींची यादी, नेटशिवाय दिसणारी. एवढंच. ती आम्ही एका आठवड्यात केली.

तुमच्या गावातल्या आशाताईंना एकदा विचारा, 'ताई, नेमकं कुठं अडतं?' उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!