घारीच्या नजरेला नजर

चाकूरबाहेर मेलेलं जनावर ओढून टाकतात, त्या माळावर मी उजाडायच्या आत जाऊन बसतो. सूर्य पाठीशी, कॅमेरा जमिनीलगत. आधी कावळे येतात, मग घारी. घार उतरताना तिची खाचेची शेपटी पंख्यासारखी उघडते; तोच क्षण मला हवा असतो. पाखरू गडद, आभाळ उजळ, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. नाहीतर फोटोत नुसती काळी सावली उरते.

आजोबा सांगायचे, पूर्वी बैल मेला की इथं गिधाडांची पंगत बसायची. ती पंगत उठवली डायक्लोफिनॅकनं. दुखण्यावर दिलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी करतं. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

आफ्रिकेत गिधाडांवरचं संकट वेगळं आहे. तिथे त्यांच्या घिरट्या वनरक्षकांना शिकारीची जागा दाखवतात, म्हणून चोरटे शिकारी मांसात विष कालवतात. 2019 मध्ये बोत्सवानात अशी 537 गिधाडं एकाच घटनेत मेली.

मेलेलं जनावर रोग पसरवायच्या आत संपवणारी ही पाखरं आहेत. त्यांना अभद्र म्हणू नका. गाय-बैलाला दुखणं असेल तर डॉक्टरांकडे डायक्लोफिनॅकऐवजी मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. आजोबांनी पाहिलेली पंगत मला एकदा तरी कॅमेऱ्यातून बघायची आहे.