एक पान, अनेक पत्ते: यूआरएलमधले बारकावे

समजा, वसईच्या किल्ल्यावर तुमचं एक वेबपान आहे. कोणी त्याची लिंक देताना शेवटी स्लॅश ठेवला, कोणी गाळला, कोणी 'एचटीटीपीएस'ऐवजी जुनं 'एचटीटीपी' ठेवलं. तुमच्या लेखी पान एकच, पण यंत्रासाठी हे वेगवेगळे पत्ते आहेत. डोमेनच्या नावात रोमन लिपीतलं लहान-मोठं अक्षर सारखंच धरतात. त्यापुढच्या भागात मात्र तोही फरक मोजला जातो.

याने बिघडतं काय? ब्रिन आणि पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँकमध्ये पानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरतं. चार पत्त्यांवर दहा-दहा लिंका आल्या, तर चाळीस लिंकांचं एक पान दिसण्याऐवजी दहा-दहाची चार पानं दिसू शकतात. सर्च इंजिनं अशी जुळी पानं शोधून एक मुख्य पत्ता निवडतात खरी, पण ती निवड आपण करून दिलेली बरी. त्यासाठी ३०१ रीडायरेक्ट किंवा २००९ पासून आलेला कॅनॉनिकल टॅग वापरतात. (टॅग ही सूचना असते, हुकूम नव्हे.) पत्त्यात नेमके शब्द कोंबून क्रमवारी वर जाते, या समजुतीत मात्र फार दम नाही. तो परिणाम अगदी किरकोळ असतो, असं गूगलची माणसंच सांगत आली आहेत.

मराठीत खरी गंमत पुढेच आहे. यूआरएलमध्ये देवनागरी थेट जात नाही. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ. 'वसईचा-किल्ला' मोजून बघा: काना, वेलांटी, हलन्त धरून अकरा चिन्हं, वर एक हायफन. एकूण बरोबर १००! लिंक कुठे पेस्ट केली की ती टक्क्यांची माळ दिसते ती यामुळेच.

त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे 'किनाऱ्यावर' आणि 'किनार्‍यावर'. पहिल्यात नुक्ता असलेला 'ऱ' आहे, दुसऱ्यात साधा 'र' आणि न दिसणारा जोडक. 'ॲ' आणि 'अॅ' यांचंही तेच. डोळ्यांना एक, पत्ते दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनसुद्धा या जोड्या एक करत नाही.

दुसरा मुद्दा बदलणाऱ्या माहितीचा. ज्या संकेतस्थळाने पत्त्यात 'ठाणे', मग 'वसई' असा क्रम ठेवला असेल, त्याचा पत्ता १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला त्या दिवशी चुकीचा ठरला. तो दुरुस्त करावा तर जुन्या लिंका तुटतात, ठेवावा तर जिल्हा चुकतो. बर्नर्स-ली १९९८ मध्येच सांगत होते की पत्त्यात बदलणाऱ्या गोष्टी घालू नका. शोधगंगेवरच्या प्रबंधांचे हँडल बघा: १०६०३, स्लॅश आणि एक आकडा. विद्यापीठ नाही, विषय नाही. दिसायला रुक्ष आहे, पण प्रबंधाच्या संदर्भसूचीत मी डोळे झाकून तोच देईन.

लिंकांचा डेटा गोळा करणार असाल, तर मोजणीआधी पत्ते एकसारखे करा: डोमेन लहान अक्षरांत, टक्क्यांची रूपं उलगडलेली, 'ऱ्य' आणि 'ॲ' यांचं एकच रूप. शेवटचा स्लॅश मात्र आंधळेपणाने काढू नका, काही सर्व्हरांवर त्याने खरंच दुसरं पान उघडतं. आणि मूळ पत्त्यांचा रकाना तसाच राहू द्या. कोणते दोन पत्ते तुम्ही एक मानले, हे परीक्षक विचारणारच.